इथेनॉलचे ऊर्ध्वपातन ९५.६ टक्क्यांवर का अडते?

शंभर मिलिलिटरच्या उभ्या मोजपात्रात बरोबर ५० मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यावर ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल हळूच ओतावे आणि काचेच्या कांडीने ढवळावे. पहिल्या काही क्षणांत द्रवातून बारीक बुडबुडे उठतात, कारण इथेनॉलमध्ये विरघळलेली सगळी हवा मिश्रणात मावत नाही आणि बाहेर पडते. पात्राला हात लावला तर ते कोमट लागते. बुडबुडे निघून गेले, पात्र पुन्हा खोलीच्या तापमानाला आले, की डोळे द्रवाच्या पातळीला आणून आकडा वाचावा. तो शंभर नसतो, सुमारे साडेशहाण्णव असतो. एक थेंबही सांडलेला नाही, वजन दोन्ही वजनांच्या बेरजेइतकेच भरते, तरीही साडेतीन मिलिलिटर आकारमान नाहीसे झालेले असते.

द्रावणांची उष्मागतिकी, म्हणजे मिश्रणांतील ऊर्जेचा हिशेब, शिकवायला घेताना मी नेहमी या प्रयोगापासून सुरुवात करतो, कारण त्या विषयाचा गाभाच त्यात आहे. मिश्रणात गेल्यावर पदार्थाचे गुणधर्म त्याच्या एकट्याचे राहत नाहीत. ते सोबत कोण आहे आणि किती आहे यावर ठरतात. १८ ग्रॅम पाणी भरपूर पाण्यात ओतले तर आकारमान १८ मिलिलिटरने वाढते. तेच १८ ग्रॅम पाणी भरपूर इथेनॉलमध्ये ओतले तर आकारमान केवळ १४ मिलिलिटरच्या आसपास वाढते. पाण्याचे रेणू तेच, त्यांची संख्या तीच, पण भोवती इथेनॉल असले की ते वेगळ्या रीतीने सामावले जातात. म्हणून ‘पाण्याचे आकारमान किती?’ हा प्रश्न मिश्रणाच्या बाबतीत अपुरा ठरतो. ‘या मिश्रणात आणखी थोडे पाणी घातले तर आकारमान किती वाढेल?’ असे विचारावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला आंशिक मोलर आकारमान म्हणतात. नाव जड असले तरी कल्पना एवढीच आहे.

आकारमानाच्या जागी ऊर्जा ठेवली की आपण मुख्य विषयाला येतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८७६ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ निबंधात हाच प्रश्न उर्जेविषयी विचारला. तापमान आणि दाब कायम ठेवून एखाद्या मिश्रणात एका घटकाची किंचित भर घातली, तर त्या मिश्रणाची मुक्त ऊर्जा किती बदलते? मुक्त ऊर्जा म्हणजे ज्या दिशेने ती कमी होते त्या दिशेने बदल आपोआप घडतो अशी राशी. आणि गिब्ज यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे त्या घटकाचे रासायनिक विभव. पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे वाहते, तसा प्रत्येक घटक जिथे त्याचे रासायनिक विभव जास्त आहे तिथून जिथे ते कमी आहे तिकडे जातो, आणि दोन्हीकडे ते सारखे झाले की थांबतो. द्रवातून वाफेत जाणे, मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या काकडीच्या फोडींतून पाणी बाहेर येणे, सोडावॉटरची बाटली उघडताच वायू निसटणे, या साऱ्यांमागे हा एकच नियम आहे. पुढे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९०१ मध्ये याच गोष्टीकडे ‘निसटून जाण्याची प्रवृत्ती’ म्हणून पाहिले. मला हा शब्दप्रयोग फार उपयोगी वाटतो, कारण सूत्र विसरले तरी तो लक्षात राहतो.

आता मुळात दोन द्रव मिसळतातच का, हे पाहू. समजा दोन्ही प्रकारचे रेणू एकमेकांना अगदी सारखेच मानतात. आपल्या जातीचा शेजारी आणि दुसऱ्या जातीचा शेजारी यांत त्यांना काहीही फरक वाटत नाही. अशा मिश्रणाला आदर्श द्रावण म्हणतात. मिसळताना उष्णता बाहेर पडत नाही, आत घेतली जात नाही, आकारमानही बदलत नाही. तरीही ते द्रव मिसळतात, कारण वेगवेगळे राहण्याच्या मानाने मिसळून राहण्याचे रेणूंना उपलब्ध असलेले प्रकार अफाट संख्येने जास्त असतात. एंट्रॉपी वाढते ती या अर्थाने. दोन्ही घटकांचे रेणू समान संख्येने घेतले तर २५ अंश सेल्सिअसला एका मोल मिश्रणामागे मुक्त ऊर्जा सुमारे १.७ किलोज्यूलने कमी होते. रेणूंमधले परस्पर आकर्षण यात कुठेच आलेले नाही. मिसळण्याची ही किमान ओढ प्रत्येक मिश्रणात असतेच.

या ओढीचे एक वैशिष्ट्य फारसे सांगितले जात नाही, पण पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी ते महत्त्वाचे आहे. ही ओढ सर्वत्र सारखी तीव्र नसते. घटक जितका विरळ, तितके त्याचे रासायनिक विभव खाली जाते, आणि हे खाली जाणे लॉगॅरिदमच्या हिशेबाने होते. प्रमाण शून्याकडे नेले तर त्याला तळच नाही. त्यामुळे संपूर्ण शुद्ध द्रवात परक्या पदार्थाचा पहिला अंश शिरण्याची ओढ सर्वांत प्रबळ असते आणि मिश्रणातून त्याचा शेवटचा अंश काढणे सर्वांत कठीण असते. पूर्ण निर्जल इथेनॉलची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली तर ते हवेतून बाष्प ओढून घेते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

द्रावणातून एखादा घटक किती निसटू पाहतो हे मोजण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे वर साठलेल्या वाफेत त्याचा दाब किती आहे ते पाहणे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे फ्रांस्वा-मारी राऊल यांनी १८८० च्या दशकात ही मोजमापे मोठ्या चिकाटीने केली. त्यातून निघालेला नियम साधा आहे. द्रावणात एखाद्या घटकाचे रेणू शंभरात ऐंशी असतील, तर त्याचा बाष्पदाब शुद्ध अवस्थेतील बाष्पदाबाच्या ऐंशी टक्के असतो. आदर्श द्रावण हा नियम तंतोतंत पाळते. बेंझीन आणि टोल्युइन हे एकमेकांसारखे द्रव तो जवळजवळ पाळतात. पाणी आणि इथेनॉल पाळत नाहीत, आणि त्यांनी तो न पाळण्यावर मद्यार्काच्या अख्ख्या उद्योगाची रचना उभी आहे.

महाराष्ट्रात हा उद्योग साखर कारखान्यांच्या अंगणातच आहे. उसाच्या मळीत यीस्ट घालून आंबवले की जो द्रव तयार होतो, त्याला डिस्टिलरीत वॉश म्हणतात. त्यात अल्कोहोल साधारण ८ ते १० टक्के असते, बाकी बहुतेक पाणी. हा वॉश उंच कॉलममध्ये सोडतात, खालून वाफ देतात आणि कॉलममधील एकावर एक असलेल्या ताटल्यांवर तो पुन्हा पुन्हा उकळतो आणि थंड होतो. हेच ऊर्ध्वपातन. इथेनॉल ७८.३ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना. म्हणून वर जाणाऱ्या वाफेत इथेनॉलचे प्रमाण वाढत जाते. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते.

आता आकडे जवळून पाहू. वजनाने १० टक्के इथेनॉल असलेला द्रव उकळला, तर त्यातून निघणाऱ्या वाफेत इथेनॉल वजनाने जवळपास निम्मे असते. एकाच उकळीत दहावरून पन्नासवर! पण ८८ टक्के इथेनॉल असलेला द्रव उकळला तर वाफेत ते ९० टक्के असते. मजल जेमतेम दोन टक्क्यांची. आणि ९५.६ टक्क्यांना, ७८.२ अंशांच्या आसपास, द्रवात जे प्रमाण तेच वाफेत. त्यानंतर कितीही ताटल्या वाढवल्या, कितीही इंधन जाळले, तरी प्रमाण तसूभरही पुढे सरकत नाही. अशा मिश्रणाला स्थिरक्वाथी मिश्रण किंवा ॲझिओट्रोप म्हणतात. हा आकडा वजनाचा आहे; आकारमानाने मोजला तर तोच ९७ टक्क्यांच्या थोडा वर जातो. वजन आणि आकारमान यांची गल्लत फार ठिकाणी झालेली दिसते, म्हणून हे इथेच सांगून ठेवतो.

असे का होते, याचे उत्तर कागदावर चार ओळींच्या हिशेबात मिळते. वजनाने ९५.६ टक्के म्हणजे रेणूंच्या संख्येने शंभरात सुमारे ८९.४ इथेनॉलचे आणि १०.६ पाण्याचे. ७८.२ अंशांना शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ७५७ मिलिमीटर असतो, आणि शुद्ध पाण्याचा सुमारे ३३०. राऊल यांचा नियम लागू असता तर वाफेत इथेनॉलचा वाटा सुमारे ६७७ मिलिमीटर आणि पाण्याचा फक्त ३५ मिलिमीटर असता. म्हणजे वाफेत शंभरात पंचाण्णव रेणू इथेनॉलचे झाले असते आणि ऊर्ध्वपातन खुशाल पुढे चालू राहिले असते. प्रत्यक्षात एकूण दाब हवेच्या दाबाइतका, म्हणजे ७६० मिलिमीटर असतो आणि वाफेतील प्रमाण द्रवाइतकेच असल्याने इथेनॉलचा वाटा ६८० आणि पाण्याचा ८० येतो. इथेनॉल जवळपास नियमाप्रमाणेच वागले आहे. पाण्याने मात्र ३५ ऐवजी ८० मिलिमीटर दाब दिला, म्हणजे ते अपेक्षेच्या सुमारे २.३ पट जोराने बाहेर पडू पाहते आहे. या २.३ ला क्रियाशीलता गुणांक म्हणतात. आणि ७५७ ला ३३० ने भागले तरी २.३ च येतात. शुद्ध अवस्थेत इथेनॉल पाण्यापेक्षा जितके जास्त बाष्पशील होते, तितकीच पाण्याची बाष्पशीलता इथेनॉलच्या गर्दीत वाढली. दोघांची बरोबरी झाली, म्हणून कॉलमला त्यांच्यात फरक करता येत नाही.

यातली दुसरी गोष्ट तितकीच मोलाची आहे. सुरुवातीला वॉशमधून इथेनॉल इतक्या सहजपणे वर येते, त्याचेही कारण हेच आहे. तिथे इथेनॉल थोडे आहे आणि भोवती पाण्याची गर्दी आहे. म्हणून तिथे इथेनॉल अपेक्षेच्या कितीतरी पट जोराने निसटते. जो घटक थोडा, तो बाहेर ढकलला जातो, आणि जो भरपूर, तो जवळजवळ नियमाने वागतो. सुरुवातीला ज्या गुणाने काम सोपे केले, तोच गुण शेवटी वाट अडवतो. पहिला फायदा हवा असेल तर दुसरा अडथळा सोबत येणारच, कारण दोन घटकांच्या रासायनिक विभवांना एकमेकांपासून सुटे बदलता येत नाही. प्रमाण बदलताना एकाचे विभव जितके हलते, त्याच्या ठरावीक पटीत दुसऱ्याचे उलट दिशेने हलावेच लागते. गिब्ज आणि फ्रान्सचे पिएर द्यूएम यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण हेच सांगते. व्यवहारात त्याचा मोठा उपयोग आहे : एका घटकाची मोजमापे सर्व प्रमाणांत नीट केली, तर दुसऱ्याची माहिती हिशेबाने काढता येते, आणि दोन्ही मोजली असतील तर कुठे चूक झाली तेही कळते.

आता एका शंकेकडे वळतो, कारण चौकस विद्यार्थी ती विचारतोच. राऊल यांच्या नियमापेक्षा बाष्पदाब जास्त आला, तर पुस्तके सांगतात की दोन जातींच्या रेणूंमधले आकर्षण आपापसांतल्या आकर्षणापेक्षा कमी आहे. पण सुरुवातीच्या प्रयोगात मोजपात्र कोमट झाले होते. मिसळताना उष्णता बाहेर पडली, आकारमान आक्रसले. म्हणजे पाणी आणि इथेनॉल एकमेकांना चांगलेच धरून बसतात. मग ते एकमेकांना बाहेर का ढकलतात?

शंका अगदी रास्त आहे, आणि पुस्तकातले ते सोपे कारण इथे पुरत नाही. मुक्त ऊर्जेत दोन हिशेब असतात, एक उष्णतेचा आणि दुसरा एंट्रॉपीचा. इथेनॉलच्या रेणूला एका टोकाला पाण्याशी हायड्रोजन बंध जोडणारा गट असतो आणि दुसऱ्या टोकाला दोन कार्बनची, पाण्याशी कसलाही बंध न जोडणारी शेपटी असते. पहिल्या टोकामुळे उष्णता बाहेर पडते. शेपटीमुळे मात्र भोवतीच्या पाण्याच्या रेणूंवर बंधन येते; आपापसांतले हायड्रोजन बंध टिकवण्यासाठी त्यांना ठरावीक दिशांनीच वळून राहावे लागते. उपलब्ध प्रकार कमी होतात, आणि मिसळण्याने एंट्रॉपी जितकी वाढायला हवी होती त्याहून कमी वाढते. खोलीच्या तापमानाला उष्णतेत जो फायदा होतो त्यापेक्षा हा तोटा मोठा ठरतो. म्हणून मिश्रण गरम होत असूनही त्यातले घटक नियमापेक्षा जास्त निसटतात. पाण्याची ही रचना रेणूंच्या पातळीवर नेमकी कशी दिसते यावर संशोधन अजून चालू आहे, पण उष्णता आणि बाष्पदाब यांची मोजमापे पक्की आहेत आणि त्यांतून निघणारा हिशेब एवढाच निघतो. मिसळताना उष्णता बाहेर पडली, म्हणजे घटक एकमेकांना सोडणार नाहीत, असा निष्कर्ष काढू नये, हे मी आवर्जून सांगतो. ही चूक मी चांगल्या उत्तरपत्रिकांतही पाहिली आहे.

मग शेवटचे चार टक्के पाणी काढायचे कसे? एक उपाय दाबाचा. दाब कमी केला तर स्थिरक्वाथी मिश्रणाचे प्रमाण शुद्ध इथेनॉलकडे सरकते आणि पाऱ्याच्या सुमारे ७० मिलिमीटरखाली ते नाहीसेच होते. कागदावर प्रश्न सुटला. पण तेवढ्या दाबाला इथेनॉल २८ अंशांच्या आसपास उकळते, आणि त्याची वाफ थंड करायला त्याहून बरेच गार पाणी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणी मुळातच तेवढे कोमट असते. शिवाय त्या टोकाला द्रव आणि वाफ यांच्यातील फरक इतका थोडा असतो की कॉलम फार उंच करावा लागतो.

दुसरा उपाय इंग्रज रसायनशास्त्रज्ञ सिडनी यंग यांनी १९०२ मध्ये दाखवला. त्यांनी मिश्रणात बेंझीन घातले. वरवर पाहता हे उलटे वाटते, कारण दोन पदार्थ वेगळे करायला तिसरा मिसळला. पण बेंझीनमध्ये पाण्याला जवळपास थाराच नाही. बेंझीन आले की पाण्याची निसटण्याची प्रवृत्ती आणखी वाढते, तिघांचे मिळून ६४.९ अंशांना उकळणारे नवे स्थिरक्वाथी मिश्रण तयार होते, ते पाणी सोबत घेऊन वरून निघून जाते आणि तळाशी निर्जल इथेनॉल उरते. ज्या गुणधर्माने वाट अडवली होती, त्याच्याकडूनच यंग यांनी काम करून घेतले, आणि या विषयातली ही युक्ती मला सर्वांत सुंदर वाटते. बेंझीन कर्करोगकारक असल्याने पुढे त्याऐवजी सायक्लोहेक्झेन वापरू लागले.

आज बहुतेक डिस्टिलऱ्यांत मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे रेणूंच्या चाळण्या, असतात. हे झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाचे मणी. त्यांच्या आतील छिद्रांचा व्यास सुमारे ३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉमचा, तो आत शिरतो आणि धरला जातो. इथेनॉलचा सुमारे ४.४ अँगस्ट्रॉमचा, तो बाहेरच राहतो. इथेनॉलची वाफ दाबाखाली या मण्यांच्या टाकीतून नेतात, आणि तोवर शेजारच्या टाकीतले ओले झालेले मणी दाब कमी करून सुकवतात. इथे द्रव आणि वाफ यांच्या समतोलावर काही अवलंबून नाही, म्हणून ९५.६ चा अडथळाही उरत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी लागणारे ९९.५ टक्क्यांहून शुद्ध इथेनॉल या मार्गाने मिळते.

पेट्रोलसाठी इतकी शुद्धता का हवी, याचेही उत्तर या विषयातच आहे. पाणी आणि पेट्रोल यांच्यातील तिटकारा इतका तीव्र असतो की मिसळण्याने होणारा एंट्रॉपीचा फायदा त्याला पुरा पडत नाही, आणि दोन थर एकत्र असण्यापेक्षा वेगळे असतानाच मुक्त ऊर्जा कमी असते. इथेनॉल दोघांशीही जुळवून घेते, म्हणून इथेनॉलयुक्त पेट्रोल थोडे पाणी विरघळवून ठेवू शकते. ही मर्यादा दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, आणि तापमान उतरले की तीही उतरते. मर्यादा ओलांडली की पाणी एकटे तळाशी जात नाही. पाण्याच्या सान्निध्यात इथेनॉलचे रासायनिक विभव पेट्रोलमधल्यापेक्षा कमी असते, म्हणून इथेनॉलही पेट्रोल सोडून खालच्या थरात उतरते, आणि दोन्ही थरांत त्याचे विभव सारखे होईपर्यंत उतरत राहते. त्या क्षणी खालच्या थरात इथेनॉलची गर्दी असते आणि वर थोडेच उरलेले असते. प्रमाणांत मोठी तफावत असूनही निसटण्याची प्रवृत्ती दोन्हीकडे एकसारखी असते. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याच्या क्षमतेचे माप, घटलेला असतो, आणि इंधनाची नळी तळातून द्रव ओढत असेल तर इंजिनाकडे आधी खालचा पाणीदार थर जातो.

म्हणूनच पावसाळ्यात पेट्रोल पंपावरचा कर्मचारी जमिनीखालच्या टाकीचे झाकण उघडून, मोजपट्टीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून ती तळापर्यंत सोडतो, आणि वर काढल्यावर पेस्टचा रंग कुठपर्यंत बदलला आहे ते पाहतो.